कचेरीतला आपला माणूस

सरकारी नोकराने लाच घेतल्याची बातमी वाचली की आपल्याला संताप येतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. परंतु त्याच नोकराने एक पैही न घेता, केवळ नात्याखातर, गावाखातर, जातीखातर अथवा वरिष्ठाची मर्जी राखण्याखातर, नियमाने ज्याला जे मिळावयाचे नाही ते त्याच्या पदरात टाकले, तर आपण त्याच्याविषयी ‘भला माणूस, अडल्यानडल्याच्या उपयोगी पडतो’ असे कौतुकाने बोलतो, दिवाळीला त्याच्या घरी फराळ पाठवतो आणि पुढच्या कामासाठी त्याचा फोन नंबर जपून ठेवतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या सीमाभागात तर हे इतके अंगवळणी पडले आहे की, वारसा नोंदीचा अर्ज असो, उत्पन्नाचा दाखला असो, मुलाचा वसतिगृहातील प्रवेश असो की जमिनीच्या मोजणीचे काम असो, कागद कोणते लागतील याची चौकशी घरात मागाहून होते. ‘तिथे आपल्या ओळखीचं कोण आहे?’ हा प्रश्न आधी निघतो. अधिकारपदाचा दुसऱ्याच्या लाभासाठी केलेला गैरवापर हा लाचलुचपतीपेक्षा सौम्य अपराध होय, किंबहुना तो अपराधच नव्हे, ही जी सार्वत्रिक समजूत आहे, ती मला घातक वाटते. आणि गेल्या काही वर्षांत खुद्द देशाच्या कायद्यानेच तिला एका परीने मान्यता दिली असल्यामुळे या प्रश्नाचा साधकबाधक विचार करणे आता अगत्याचे झाले आहे.

ही समजूत आली कोठून, हे पाहिल्यावाचून तिचा प्रतिवाद करता येणार नाही. आपल्या मुलखात गावचे पाटील-कुलकर्णी आणि परगण्याचे देसाई-देशपांडे यांचे अधिकार शतकानुशतके वतनी होते. अधिकार हा घराण्याचा ठेवा होता, तो बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत त्याच्या तक्षिमा पडत, आणि त्यावरून पिढ्यान् पिढ्या कज्जे चालत. जो मनुष्य वारसाहक्काने पदावर बसला आहे त्याला, त्या पदाचा उपयोग भाऊबंदांसाठी करू नकोस, असे सांगणे म्हणजे स्वतःच्या मळ्यातले धान्य घरी नेऊ नकोस असे सांगण्यासारखेच होते. मुंबई राज्याने १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच राज्याचा भाग होता. उरलेल्या ग्रामवतनांचा निकाल पुढे म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याने लावला. वतनांच्या सनदा अशा रीतीने निकालात निघाल्या, परंतु खुर्ची ही बसणाऱ्याची मालमत्ता आहे आणि तिच्या सावलीवर त्याच्या माणसांचा पहिला हक्क आहे, ही वतनी वृत्ती मात्र नव्या दफ्तरांतही सुखेनैव नांदत राहिली.

आपल्या भागात या जुन्या वृत्तीला एका नव्या दुःखाची जोड मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने बेळगाव आणि निपाणी हे मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातले, आणि ज्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा उतारा कालपर्यंत वाचता येत होता, त्याला पुढे पुढे तोच उतारा दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी आली. कोणत्याही तक्रारीचे निवेदन देशात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिला आहे, भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमण्याची तरतूद ३५० ब या अनुच्छेदात आहे, आणि ज्या प्रदेशात अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण शेकडा १५ वा त्याहून अधिक आहे तेथे महत्त्वाची सरकारी कागदपत्रे त्यांच्या भाषेतही मिळावीत, असे धोरण फार पूर्वीच ठरलेले आहे. तरीही मराठी परिपत्रकांची मागणी येथील लोकांना आजही मोर्चे काढून करावी लागते. नोटीस वाचता येत नाही, मुदत कधी संपली हे कळत नाही, खिडकीपलीकडचा माणूस काय म्हणाला ते उमगत नाही, अशा अवस्थेत कचेरीत मराठी बोलणारा एखादा कारकून भेटला तर मनुष्याला देव भेटल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. ज्या अन्यायातून ‘आपल्या माणसा’ची गरज निर्माण झाली तो अन्याय खरा आहे, ही गोष्ट मी प्रथमच आणि निःसंदिग्धपणे सांगू इच्छितो.

परंतु साहाय्य आणि पक्षपात यांतील सीमारेषा येथेच आखून घेतली पाहिजे. अर्जदाराची भाषा जाणणाऱ्या नोकराने त्याला नमुना समजावून द्यावा, राहिलेला दाखला कोणता ते सांगावे, वेळप्रसंगी अर्ज स्वतःच्या हाताने भरून द्यावा, आणि हे त्याने ओळखीच्या माणसाइतकेच अनोळखी माणसासाठीही करावे; यात गैर काही नाही, उलट तो ज्या पगारावर जगतो त्या पगाराचे हे ऋण आहे. तोच नोकर जेव्हा गठ्ठ्यातील पाचवा अर्ज उचलून पहिल्या जागी ठेवतो, अपुरा कागद पुरा मानतो, मोजणीची रेघ हातभर सरकवतो किंवा अपात्राचे नाव पात्रांच्या यादीत घुसवतो, तेव्हा तो स्वतःचे काहीच देत नसतो. जे दुसऱ्या कोणाचे आहे ते उचलून तो तिसऱ्याला देत असतो. आपल्या लक्षात येत नाही ती नेमकी हीच गोष्ट, कारण उपकार घेणारा आपल्यासमोर उभा असतो, त्याचा आनंद आपल्याला दिसतो. ज्याचे गेले तो मात्र आपल्या ओळखीचा नसतो, आणि पुष्कळदा आपले काही गेले आहे हे त्याला स्वतःलाही कधीच कळत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे उदाहरण घ्या. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या नद्यांच्या काठी निपाणी-चिकोडी भागातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली, आणि पाणी ओसरल्यावर घराघरांचे पंचनामे सुरू झाले. पडझड किती टक्के झाली हे पाहून घरांचे अ, ब, क असे वर्ग पाडावयाचे होते. संपूर्ण पडलेल्या, म्हणजे अ वर्गातील घराला पुनर्बांधणीसाठी ५ लाख रुपये, आणि किरकोळ नुकसान झालेल्या क वर्गातील घराला वाढीव दराने ५० हजार रुपये. आता मातीच्या भिंतीचे एक घर डोळ्यांसमोर आणा : पाण्याची खूण छातीइतक्या उंचीवर उमटलेली, खालची माती भिजून फुगलेली, तुळई एका बाजूला कललेली, दारात चिखलाने माखलेली धान्याची पोती आणि त्यांना सुटलेला आंबूस वास. अंगणात गुडघाभर चिखलात उभा असलेला अभियंता आणि त्याच्याबरोबरचा महसूल खात्याचा कर्मचारी यांनी या घराला कोणते अक्षर द्यावयाचे? भिंत उभी आहे म्हणून क म्हणावे, की ती आठ दिवसांत पडणार म्हणून अ म्हणावे? येथे प्रामाणिक माणसाचाही निर्णय चुकू शकतो, आणि त्या चुकीला क्षमा आहे. परंतु ज्या क्षणी त्या कर्मचाऱ्याच्या मनात हे घर कोणाचे आहे, त्याचा मेहुणा कोण, त्याच्यासाठी फोन कोणी केला, हा विचार डोकावतो, त्या क्षणी एका अक्षराची किंमत साडेचार लाख रुपये होते, आणि पलीकडच्या गल्लीतील, ज्याच्यासाठी फोन करणारे कोणी नाही अशा घराला, मदतीचा ठरलेला निधी आणि सरकारचा संयम या दोहोंच्या तुटवड्यात, ती किंमत मोजावी लागते. या साऱ्या व्यवहारात लाचेचा एक रुपयाही फिरलेला नसेल. तरीही एका कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर गेलेले असते.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि घरोघरच्या सुपांवर ज्या स्त्रिया दिवसभर राबतात, त्यांच्या दृष्टीने पाहिले तर हाच हिशोब अधिक स्पष्ट होतो. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याणनिधी निर्माण झाला, त्यातून दवाखाने, घरकुले, मुलांच्या शिष्यवृत्त्या अशा सोयी निघाल्या, आणि त्या मिळण्यासाठी विडी कामगार म्हणून ओळखपत्र असणे आवश्यक ठरले. विड्यांच्या हजारीवर जिची मजुरी ठरते, अशी बाई मुलाच्या शिष्यवृत्तीच्या कागदासाठी कचेरीत येते, तेव्हा तिने त्या दिवसाची मजुरी आधीच गमावलेली असते. ती रांगेत उभी राहते, आणि तिच्या डोक्यावरून एकापाठोपाठ एक ‘साहेबांच्या ओळखीचे’ अर्ज आत जात राहतात. दुपारी खिडकी बंद होते आणि तिला उद्या या म्हणून सांगण्यात येते. तिच्याकडून कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी तिला अपशब्द बोलले नाही, लाचलुचपतविरोधी पथकाला धाड घालता येईल असे तेथे काहीच घडले नाही. मात्र तिचा एक दिवस गेला, आणि तो ज्यांनी घेतला त्यांना आपण काही घेतले याची जाणीवही नाही.

नोकरभरतीच्या परीक्षांत तर हा दुरुपयोग हजारो अनोळखी तरुणांच्या मुळावर येतो. कर्नाटकात पोलीस उपनिरीक्षकांच्या ५४५ जागांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेल्या परीक्षेत उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचे उघडकीस आले, एप्रिल २०२२ मध्ये ती परीक्षा रद्द करावी लागली, आणि त्याच वर्षी जुलैत भरती विभागाचे प्रमुख राहिलेल्या अतिरिक्त पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याला अटक झाली. पुढल्याच महिन्यात वीज पारेषण निगमाच्या कनिष्ठ साहाय्यक पदाच्या परीक्षेत आपल्याच जिल्ह्यातील गोकाकच्या केंद्रावर स्मार्ट घड्याळाचा वापर करून केलेली नक्कल पकडली गेली, आणि तपासाचा धागा गदगपर्यंत पोहोचून तेथील एका महाविद्यालयाचे उपप्राचार्य आणि त्यांचा मुलगा यांनाही अटक झाली. न्यायालये या खटल्यांचा यथावकाश निवाडा करतील. ज्या मुलांनी कोणाचाही आधार न घेता अभ्यास करून पहिल्या परीक्षेत यश मिळवले होते, त्यांना मात्र उपनिरीक्षकपदाची फेरपरीक्षा होण्यासाठी जानेवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले, आणि उमेदीची ती दोन वर्षे कोणत्याही निवाड्याने त्यांना परत मिळणार नाहीत.

बेळगाव शहरात अलीकडच्या काळात या विषयाची सर्वाधिक चर्चा झाली ती खाऊ कट्ट्यावरील गाळ्यांच्या निमित्ताने. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रादेशिक आयुक्तांनी महानगरपालिकेच्या दोन नगरसेवकांचे सदस्यत्व, त्यांच्या पत्नींच्या नावे गाळे असल्याच्या कारणावरून, रद्द केले. प्रकरण पुढे शासनाकडे आणि उच्च न्यायालयात गेले. त्या दोन व्यक्तींविषयी येथे कोणताही निकाल देणे मला उचित वाटत नाही, कारण ते काम न्यायासनाचे आहे. परंतु त्या आदेशाच्या मुळाशी असलेले तत्त्व प्रत्येक नागरिकाने समजून घेण्यासारखे आहे : जो महापालिकेचा कारभार पाहतो त्याचा, अथवा त्याच्या घरच्यांचा, त्याच महापालिकेशी आर्थिक हितसंबंध असता कामा नये, मग गाळा रास्त भाड्याने घेतलेला असो वा नसो. या तत्त्वात प्रश्न पैशाच्या लबाडीचा उरत नाही. देणारा आणि घेणारा एकाच उंबऱ्याच्या आत असतील तर बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याला न्याय मिळाला की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही, एवढेच ते सांगते, आणि तेवढे पुरेसे आहे.

हे तत्त्व आजकालचे नाही. १८८८ साली, बेळगाव हे ज्या मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाचे मुख्य ठाणे होते, त्याच इलाख्याच्या मध्य विभागाचे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर, मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांसाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे घेतल्याचा आरोप आला, आणि साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. मध्यस्थाला कारावास झाला. साक्षीला आलेल्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते, ते पाळले जावे म्हणून लोकमान्य टिळकांनी आपली लेखणी आणि वाणी झिजवली. आणि चौकशी मंडळाने अखेर लाचखोरीचा आरोप सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला. तरीही क्रॉफर्डसाहेबांची नोकरी गेली, आणि ती गेली ती आपल्या हुकमतीखालील लोकांकडून कर्जाऊ रकमा घेतल्याच्या कारणावरून. एका परक्या, आणि आपल्या माणसांना पाठीशी घालण्याबद्दल सर्वश्रुत असलेल्या राजवटीलाही एवढे उमगले होते की, जो अधिकारी आपल्या अखत्यारीतील लोकांच्या उपकाराच्या ओझ्याखाली आला, त्याने प्रत्यक्ष लाच घेतली वा न घेतली, तरी तो न्यायबुद्धीने काम करण्यास अपात्र झाला.

स्वराज्यातील एक प्रकरण याहून बोलके आहे. मुंबई विद्यापीठाच्या १९८५ मधील वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येच्या गुणांत फेरफार झाल्याचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. गुण बदलले गेले ही गोष्ट न्यायालयांनी मान्य केली. ते मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून बदलले, की त्यांची मर्जी संपादन करण्यासाठी परीक्षकाने आपण होऊन बदलले, यावर मात्र न्यायालयांतही मतभेद राहिला. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा मतभेदच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सत्तेच्या सान्निध्यात हुकूम द्यावा लागतच नाही. खालचा मनुष्य वरच्याच्या मनातील इच्छा ओळखतो, आणि जे मागितलेले नाही तेही पुढ्यात आणून ठेवतो. अशा उपकाराचा पुरावा कागदावर सापडत नाही, देवाणघेवाण सिद्ध होत नाही, आणि म्हणूनच त्याला आळा घालणारा कायदा अधिक जागरूक असावयास हवा.

तसा कायदा या देशात होता. लाचलुचपत प्रतिबंधाच्या जुन्या, १९४७ च्या कायद्याखालील एका खटल्यात केरळातील एका महसूल कर्मचाऱ्याने आपल्या मेहुण्याला सरकारी जमीन मिळावी म्हणून खोटा अहवाल दिल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभीच न्यायालयाने निःसंदिग्ध निर्णय दिला की, लाच घेतली नसली तरी पदाचा गैरवापर करून दुसऱ्याला लाभ मिळवून देणे हा गुन्हाच होय. १९८८ च्या कायद्यातील १३ व्या कलमाने, लोकसेवकाने पदाचा गैरवापर करून ‘स्वतःसाठी अथवा अन्य कोणासाठी’ आर्थिक लाभ मिळवणे, या स्वरूपात हेच तत्त्व कायम ठेवले. २६ जुलै २०१८ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने तो भाग कायद्यातून वगळण्यात आला, आणि त्या कलमात आता दोनच गोष्टी उरल्या : स्वाधीन केलेल्या मालमत्तेचा अपहार, आणि नोकरीच्या काळात स्वतःची बेकायदा संपत्ती वाढवणे. अनुचित लाभ घेऊन काम केले तर तो गुन्हा आजही आहे; परंतु काहीही न घेता मेहुण्याला, पुतण्याला, पक्षबंधूला किंवा साहेबांच्या माणसाला दुसऱ्याच्या हक्काचे दान करणारा नोकर या कायद्याच्या कचाट्यातून आता सहज निसटू शकतो, आणि त्याच्यासाठी खातेनिहाय चौकशीचा लांबलचक मार्ग तेवढा शिल्लक राहतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या भ्रष्टाचारविरोधी कराराला भारताने २०११ मध्ये संमती दिली. त्या कराराचे १९ वे कलम, स्वतःसाठी वा दुसऱ्यासाठी अनुचित लाभ मिळवण्याकरिता केलेला अधिकाराचा हेतुपूर्वक दुरुपयोग हा गुन्हा ठरवण्याचा विचार राष्ट्रांनी करावा, असे सुचवते. ही सूचना स्वीकारल्यानंतर सातच वर्षांत आपण उलट दिशेने पाऊल टाकले.

दुरुस्तीच्या समर्थकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या कलमाच्या एका पोटभागात, लोकहित नसताना कोणाला लाभ झाला एवढ्यावरून, दुष्ट हेतू सिद्ध न करताही शिक्षा होऊ शके. कोळसा खाणवाटपाच्या खटल्यांत, ज्यांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी त्यांचे सहकारी ग्वाही देत होते अशा एका माजी सचिवांना त्याच पोटभागाखाली शिक्षा झाली, आणि निर्णय घेण्यापेक्षा फाइल पडून राहू देणेच शहाणपणाचे, अशी भीती अधिकारीवर्गात पसरली. भीतीने गोठलेला कारभार रयतेला न्याय देऊ शकत नाही, हे मान्य आहे. परंतु यावरचा उपाय हेतूची अट घालणे हा होता. निर्णयातील प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून केलेला पक्षपात यांत भेद करणारी शब्दयोजना संसदेला करता आली असती. सबंध तरतूदच खोडून टाकल्यामुळे प्रामाणिक अधिकाऱ्याला जे अभय मिळाले, तेच वशिल्यावर कारभार चालवणाऱ्यालाही मिळाले. ‘अन्य कोणासाठी’ हे दोन शब्द, हेतूच्या अटीसह, कायद्यात पुन्हा घातले गेले पाहिजेत, ही माझी पहिली मागणी आहे.

कायद्याइतकाच विचार खुर्चीवर बसलेल्या माणसाचाही केला पाहिजे. तालुक्याच्या कचेरीतील कारकून किंवा गावचा तलाठी हा कोणी खलपुरुष नसतो. तो आपल्याच आळीतला मुलगा असतो, लग्नाकार्यात त्याला त्याच पंगतीला बसावयाचे असते, आणि ज्याचे काम त्याने नियमावर बोट ठेवून नाकारले, तो काका, मामा किंवा शाळेतला गुरुजी त्याला ‘साहेब झाला, माणसं विसरला’ असे चारचौघांत ऐकवतो. वरून फोन येतो तो वेगळाच. तो न ऐकला तर बदलीचा हुकूम कोठे जाऊन पडेल याचा नेम नसतो, आणि मुलांची शाळा, आईबापांचे दुखणे, गावातले घर हे सारे त्या एका हुकमावर टांगलेले असते. भिडेपोटी आणि भयापोटी घडलेला पक्षपातही पक्षपातच असतो. परंतु त्या माणसाला भीड मोडण्याचे आणि भयमुक्त होण्याचे साधन पुरवल्यावाचून त्याला केवळ उपदेश करणे न्याय्य होणार नाही. असे साधन उपलब्ध आहे. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निर्देश दिले की, सनदी सेवकांनी तोंडी हुकुमावर विसंबून काम करू नये, असे हुकूम लेखी नोंदवावेत, आणि त्यांना पदावर किमान ठरावीक मुदत मिळावी. हे निर्देश बंगळूरच्या सचिवालयाबरोबरच निपाणीच्या तहसील कचेरीपर्यंत पोहोचले पाहिजेत. प्रत्येक कचेरीत शिफारशींची एक नोंदवही असावी. कोणाचा फोन आला, कोणत्या अर्जासाठी आला, हे त्याच दिवशी तीत लिहिले जावे. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कोणालाही ती पाहता यावी. ‘मामा, तुमचे नाव वहीत लिहावे लागेल’ एवढे वाक्य नम्रपणे बोलण्याची सोय त्या कारकुनाला मिळाली, तर निम्म्याहून अधिक शिफारशी उंबऱ्यावरूनच परत फिरतील.

नागरिकाच्या हातीही साधने आहेत, ती त्याने वापरली पाहिजेत. कर्नाटकाच्या २०११ च्या सेवा हमी कायद्याने, म्हणजे सर्वजण ज्याला ‘सकाल’ म्हणून ओळखतात त्या योजनेने, प्रत्येक अर्जाला १५ अंकी क्रमांक, प्रत्येक सेवेला मुदत आणि मुदत टळली तर दिवसाला २० रुपयांप्रमाणे ५०० रुपयांपर्यंत भरपाई ठरवून दिली आहे. भरपाईची रक्कम क्षुल्लक आहे, हे खरे; पण तो क्रमांक क्षुल्लक नाही, कारण ज्या अर्जाला क्रमांक आहे त्याला रांगेत एक जागा आहे, आणि ती जागा कोणी हिरावली तर त्याचा जाब विचारता येतो. पोच आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, आणि नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागावा, ही सवय ज्या गावाला लागेल त्या गावात मध्यस्थांचा धंदा आपोआप मंदावेल. आपल्या तरुण मंडळांनी, ग्रंथालयांनी आणि सहकारी संस्थांनी आठवड्यातून एक सायंकाळ काढून कानडी नमुने मराठीत समजावून देण्याचे केंद्र चालवले, तर ज्या अडाणीपणावर वशिला पोसला जातो, त्याचा पायाच ढासळेल. शासनाने ते नमुने मराठीत द्यावेत ही मागणी त्यासोबत चालू ठेवलीच पाहिजे, कारण ते शासनाचे कर्तव्य आहे.

सीमाभागातील माझ्या बांधवांना यापुढे जाऊन एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. १९५६ पासून या भूमीने जो लढा दिला, ज्यासाठी माणसांनी तुरुंगवास भोगला, लाठ्या खाल्ल्या, आणि ज्याचा निवाडा आजही सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे, तो मेहेरबानीसाठी दिलेला लढा नव्हता. आमची भाषा, आमचे मत आणि आमचा न्याय हा आमचा अधिकार आहे, असे आपण दोन पिढ्यांहून अधिक काळ म्हणत आलो आहोत. अशा समाजाने सकाळी मोर्चात हक्काची घोषणा द्यावी आणि दुपारी कचेरीच्या मागल्या दाराने मेहेरबानी मागावी, यात त्या लढ्याचाच तेजोभंग आहे. शिवाय वशिल्याच्या बाजारात दुर्बळाचा कधीच विजय होत नाही. ज्याची माणसे अधिक, ज्याची सत्ता मोठी, त्याचाच वशिला चढा ठरतो, आणि संख्येने व सत्तेने उणा असलेला भाषिक अल्पसंख्य समाज त्या बाजारात सदैव तोट्यातच राहणार. नियम सर्वांना सारखा लागू करा, असा आग्रह धरण्यात ज्या समाजाचे सर्वाधिक हित आहे तो समाज आपला आहे. म्हणून आपल्या ओळखीच्या नोकराने आपल्यासाठी नियम वाकवला, तर ती आपल्यावर झालेली कृपा नसून आपल्या एकमेव संरक्षणाला पाडलेले भगदाड आहे, हे ओळखले पाहिजे.

नोकरीत असलेल्या आपल्या मुलांकडून आपण आजवर ज्या अपेक्षा केल्या, त्याही आता बदलल्या पाहिजेत. मुलगा तहसील कचेरीत, पालिकेत किंवा शिक्षण खात्यात लागला की त्याने घराण्याचे भले करावे असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच त्याला एकदा जवळ बसवून सांगावे की, बाबा, तू आमचे काम कर, पण ते रांगेत आमचा क्रमांक येईल तेव्हा कर. आणि आमच्यापुढे जी अनोळखी बाई उभी आहे तिचे काम आधी कर. ज्या घरात हे बोलले जाईल, त्या घरातील नोकराला भिडेखातर नियम मोडावा लागणार नाही आणि नियम पाळण्याची लाज वाटणार नाही. संसदेने कायदा दुरुस्त करावा, शासनाने नोंदवह्या आणि मराठी नमुने पुरवावेत, न्यायालयांनी खटले लवकर निकालात काढावेत. परंतु या साऱ्यांची वाट न पाहता हे एक काम प्रत्येक घराला आजपासून करता येण्यासारखे आहे, आणि ते केल्यावाचून बाकीचे कोणतेही काम तडीस जाणार नाही.